सक्ती रुग्णालयावर, हक्क कर्मचाऱ्याचा

"सिस्टर, रक्त तपासल्यावर काही निघालं तर कामावरून काढणार नाहीत ना?"

हिपॅटायटिस-बीच्या लसीसाठी रांगेत उभ्या असलेल्या एका मावशींनी अगदी हळू आवाजात मला हे विचारले होते. जिल्ह्याच्या ठिकाणचे ते एक खासगी रुग्णालय. सकाळीच फलकावर नोटीस लागली होती : 'सर्व कर्मचाऱ्यांनी लस घेणे बंधनकारक आहे. न घेणाऱ्यांवर कारवाई होईल.' लस कशाची, कशासाठी, डोस किती, पैसे कोण भरणार, यातले काहीच त्या नोटिशीत नव्हते. दुपारपर्यंत निम्मी रांग पांगली. "या लोकांना स्वतःचं भलं कळत नाही," असे कुणीतरी म्हणालेही. पण मावशींना भले-बुरे चांगले कळत होते. ठेकेदाराकडची नोकरी, घरात शिकणारी दोन मुले. त्यांना भीती सुईची नव्हती, रक्ताच्या रिपोर्टची होती.

संसर्ग नियंत्रणाच्या कामात मला पुन्हा पुन्हा हेच दिसले आहे. कर्मचारी लसीला नाही म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांचा नकार लसीला नसतो. ती ज्या पद्धतीने पुढे केली जाते, त्या पद्धतीला असतो. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे. एक, लहान-मोठी रुग्णालये चालवणारे डॉक्टर आणि मेट्रन. दोन, तिथे राबणारे सिस्टर, ब्रदर, मावशी, मामा, लॅब टेक्निशियन आणि सफाई कामगार.

धोका नेमका किती?

हिपॅटायटिस-बी म्हणजे आपल्याकडे 'पांढरी कावीळ' म्हणतात तो आजार. जुन्या रिपोर्टांत 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह' असा शेरा असायचा, तोही याचाच. दूषित पाण्यातून होणारी कावीळ वेगळी. हिपॅटायटिस-बीचा विषाणू रक्तातून आणि शरीरातील इतर स्रावांतून पसरतो. प्रौढ वयात लागण झालेल्या बहुतेकांचे शरीर त्याला काही महिन्यांत हुसकावून लावते. गावठी औषध देणाऱ्याला किंवा कावीळ 'उतरवणाऱ्याला' श्रेय मिळते ते यामुळेच. पण शंभरातल्या सुमारे पाच जणांच्या यकृतात तो ठाण मांडतो. वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही आणि मग एक दिवस सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग समोर येतो.

रुग्णालयातल्या माणसाने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर रुग्णाच्या रक्तातील विषाणूच्या प्रमाणानुसार शंभरात ६ ते ३० जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत हेच प्रमाण हजारात सुमारे ३ आहे. आपण एचआयव्हीच्या रुग्णापुढे दोन-दोन हातमोजे चढवतो आणि त्याहून कितीतरी सहज लागणाऱ्या विषाणूकडे दुर्लक्ष करतो. दुसरी गोष्ट : वाळलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस जिवंत राहतो. ट्रॉलीवरचा सुकलेला डाग पुसणाऱ्या हाताला बारीकशी चीर असली, तरी तेवढी वाट त्याला पुरते.

सुई टोचण्याचा धोका फक्त इंजेक्शन देणाऱ्याला असतो, हाही गैरसमज आहे. घाईत लाल पिशवीत टाकलेली सुई पहाटे पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या बोटात शिरते. आणि लसीच्या यादीत बहुधा शेवटचे नाव त्यांचेच असते, किंवा नसतेच.

यावर लस आहे, आणि ती महाग नाही. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणल्यापासून किंमत आवाक्यात आली. यीस्टच्या मदतीने विषाणूच्या बाह्य आवरणातले केवळ एक प्रथिन तयार करून ही लस बनते. तिच्यात विषाणू नसतोच, त्यामुळे लसीने आजार होणे शक्य नाही. बालकांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर पोहोचली ती २०११ मध्ये. म्हणजे आज रुग्णालयांत काम करणाऱ्या बहुतेकांना ती लहानपणी सरकारी कार्यक्रमातून मिळालेली नाही. "बाळपणी सगळ्या लसी झाल्यात" या उत्तरावर विसंबू नका.

कायदा काय सांगतो?

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार हा कचरा हाताळणाऱ्या सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि इतरांनाही हिपॅटायटिस-बी व धनुर्वातासह संबंधित आजारांच्या लसी देणे ही रुग्णालय चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी, तसेच सुरक्षेची साधने पुरवणे हेही त्याच नियमांत आहे. 'आणि इतर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कर्मचारी ठेकेदाराचा आहे म्हणून रुग्णालयाला हात झटकता येत नाहीत. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा समावेश आहे.

थोडक्यात, या लसीच्या बाबतीत नियमाचा धाक व्यवस्थापनाला आहे. कर्मचाऱ्याच्या बाजूने पाहिले तर लस हा त्याचा हक्क आहे. आपल्या नोटिसा मात्र नेमक्या उलट्या भाषेत लिहिलेल्या असतात. जो देणे लागतो, तोच दमदाटी करतो.

कर्मचाऱ्याला जबरदस्तीने टोचता येईल का? २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोविड लसीसंदर्भात स्पष्ट केले की, शरीरावरचा अधिकार हा घटनेच्या कलम २१ मध्ये येतो आणि कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही. सामाजिक आरोग्यासाठी सरकार काही निर्बंध घालू शकते, पण ते वाजवी आणि प्रमाणात असले पाहिजेत, असेही न्यायालयाने सांगितले. लसींच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसाठी खुली ठेवण्यावरही त्या निकालाचा भर होता. रुग्णालय चालवणाऱ्याने यातून घ्यायचा बोध हा, की लस उपलब्ध करून देणे त्याला टाळता येत नाही, पण घेण्याचा निर्णय कर्मचाऱ्याच्या संमतीनेच व्हायला हवा.

कोविडच्या सक्तीने काय शिकवले?

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविड लसीकरण सुरू झाले, ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. लस ऐच्छिक होती, तरी पहिल्या आठवड्यांत अनेक केंद्रांवर यादीतली नावे गैरहजर राहिली. त्यांत डॉक्टरही होते. कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे आकडे येण्याआधी परवानगी मिळाली होती आणि ती घेणाऱ्यांकडून वेगळे संमतीपत्र भरून घेतले जात होते. अशा वेळी शंका विचारणारा डॉक्टर किंवा सिस्टर अडाणी नव्हती. ज्याला आकडे वाचता येतात, तो आकडे मागणारच.

परदेशात सक्तीचे दोन वेगळे अनुभव आले. अमेरिकेतील ह्यूस्टन मेथडिस्ट या रुग्णालय समूहाने २०२१ मध्ये कोविड लस नोकरीची अट केली. सुमारे २६,००० कर्मचाऱ्यांपैकी १५३ जणांनी नोकरी सोडली किंवा त्यांना काढण्यात आले. बाकी जवळजवळ सर्वांनी लस घेतली. इंग्लंडमध्ये ११ नोव्हेंबर २०२१ पासून वृद्धांच्या केअर होममधील कर्मचाऱ्यांना लस सक्तीची झाली. राष्ट्रीय आरोग्य सेवेतील कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२२ पासून ती लागू व्हायची होती. पण आधीच मनुष्यबळ अपुरे, त्यात हजारो माणसे सोडून जाण्याची भीती. शेवटी १५ मार्च २०२२ रोजी दोन्ही सक्ती रद्द झाल्या. केअर होममधून जे बाहेर पडले होते, त्यांची गेलेली नोकरी मात्र या निर्णयाने परत आली नाही. सक्तीने लसीकरणाचे आकडे वाढतात, हे खरे. पण माणसे आधीच कमी असतील, तर जाणाऱ्या एकेकाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. आपल्याकडे एका सिस्टरवर तीस-तीस खाटा असतात, तिथे हा हिशेब आधी मांडावा.

तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. अमेरिकेत १९९१ च्या नियमाने रक्ताशी संपर्क येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कामावर लागल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत हिपॅटायटिस-बीची लस मोफत देऊ करणे मालकावर बंधनकारक केले. कर्मचारी नकार देऊ शकतो, पण त्याला एका छापील निवेदनावर सही करावी लागते. पुढे मन बदलले तर लस पुन्हा मोफतच. १९८० च्या दशकातल्या प्रमाणाच्या तुलनेत तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमधील नव्या लागणी ९० टक्क्यांहून अधिक घटल्या. यात लसीबरोबरच हातमोजे आणि सुयांची काळजीपूर्वक विल्हेवाट यांचाही वाटा होता. पण गाभा हाच, की देऊ करणे सक्तीचे आणि घेणे स्वेच्छेचे.

एक भेद मनात पक्का असावा. हिपॅटायटिस-बीची लस मुख्यतः घेणाऱ्याला वाचवते. फ्लूची लस घेणारा स्वतःबरोबर अतिदक्षता विभागातल्या, किमोथेरपी घेणाऱ्या रुग्णालाही जपत असतो. म्हणून दुसऱ्या प्रकारात आग्रह अधिक धरता येतो. अशा विभागात लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला साथीच्या काळात मास्क लावायला सांगणे किंवा तात्पुरती दुसरीकडे ड्युटी देणे योग्य ठरते. पगार कापणे योग्य ठरत नाही.

नकारामागची कारणे आणि त्यांची उत्तरे

"रिपोर्टमध्ये काही निघालं तर?" ही भीती सर्वांत खोल असते. लस देण्याआधी रक्त तपासलेच पाहिजे असे नाही. आधीच लागण झालेल्या व्यक्तीला लस दिली तरी अपाय होत नाही, फक्त उपयोग होत नाही. म्हणून तपासणी आणि लस यांची रांग वेगळी ठेवा. तपासणी ज्याला हवी त्याने करावी आणि रिपोर्ट बंद पाकिटात त्याच्याच हाती द्यावा. कोणी पॉझिटिव्ह निघालाच तर नोकरी जाण्याचे कारण नाही. वॉर्डातली, स्वच्छतेची, ओपीडीतली बहुतेक कामे तो निर्धास्त करू शकतो. फक्त शरीरात खोलवर शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागतो. राष्ट्रीय कार्यक्रमातील केंद्रांवर औषधेही मोफत मिळतात. मी त्या मावशींना बाजूला घेऊन एवढेच सांगितले होते. त्यांनी त्याच दुपारी पहिला डोस घेतला.

"इतकी वर्षं काम करते, काही झालं नाही." वाद घालू नका. गेल्या वर्षभरात सुई किती वेळा टोचली, एवढेच विचारा. बहुतेक जण थोडे आठवून दोन-तीन प्रसंग सांगतात, आणि मग तेच विचारात पडतात.

"मला दिवस गेलेत." किंवा "बाळ अंगावर पितंय." हिपॅटायटिस-बीची लस गरोदरपणात आणि स्तनपान देतानाही घेता येते. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या जिवंत विषाणूंच्या लसी मात्र गरोदरपणात देत नाहीत. हा फरक न सांगितल्यामुळे अनेक जणी सगळ्याच लसी टाळतात.

"घेतल्यावर हात दुखतो, ताप येतो." हो, दंड दुखतो. क्वचित अंगही कसकसते. ते मान्य करा आणि नाइट ड्युटीच्या आदल्या दिवशी लस देऊ नका. 'काहीच होत नाही' असे सांगून टोचले आणि ताप आला, तर पुढच्या डोसला तो माणूस येत नाही. तो शेजारच्यालाही अडवतो.

"मोठ्या डॉक्टरांनी घेतली का?" हा प्रश्न उद्धट नाही. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेग थैमान घालत असताना वाल्डेमार हाफकिन यांनी आपली नवी लस सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली आणि मगच ती इतरांना दिली. सव्वाशे वर्षांनंतरही याहून सोपा मार्ग कोणाला सापडलेला नाही. रांगेत पहिले सर्जन आणि मेट्रन असू द्या, तेही सर्वांच्या देखत.

रुग्णालयाने काय करावे?

१. यादी सफाई कामगारांपासून सुरू करा. ठेकेदाराची माणसे, लाँड्री, ॲम्ब्युलन्सचा चालक, शिकाऊ विद्यार्थी, सर्वांची नावे तिच्यात हवीत.

२. खर्च पूर्ण रुग्णालयाचा. पगारातून एक रुपयाही वळता करू नका. ठेकेदाराच्या करारातच लसीची अट घाला.

३. वेळापत्रक शून्य, एक आणि सहा महिने असे. तिन्ही तारखा पहिल्याच दिवशी कार्डावर लिहून द्या आणि ड्युटी लावणाऱ्या इन्चार्जकडे त्यांची प्रत ठेवा. मधला डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेला डोस पुढे घ्यायचा असतो. हे माहीत नसल्याने कित्येकांची लस अर्धवट राहते.

४. लस दंडातच द्या. कमरेत दिलेल्या लसीचा गुण कमी येतो. वॉर्डात जाऊन द्या, रात्रपाळीवाल्यांसाठी सकाळी ड्युटी सुटतानाची वेळ ठेवा. चार मजले उतरून रांग लावायला सांगितले तर मावशी येणार नाहीत. त्यांच्या मागे काम कोण करणार?

५. तिसऱ्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडीचे प्रमाण, म्हणजे आपण ज्याला टायटर म्हणतो, ते तपासा. ते १० किंवा त्याहून अधिक आले तर संरक्षण आहे आणि निरोगी माणसाला पुन्हा डोसाची गरज नसते. शंभरातल्या पाच-दहा जणांचे प्रमाण पुरेसे वाढत नाही. त्यांना तीन डोस पुन्हा द्या आणि पुन्हा तपासा. तरीही वाढले नाही, तर त्यांना तसे स्पष्ट सांगा, कारण सुई टोचल्यास त्यांना वेगळे उपचार लागतात.

६. जो नाही म्हणेल, त्याच्याशी एकांतात बोला. कारण लिहून घ्या, नकाराच्या फॉर्मवर सही घ्या आणि त्यावर छापा : 'मला पुढे केव्हाही ही लस मोफत मागता येईल.' सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.

७. लसीकरणाची आकडेवारी विभागवार फलकावर लावा. माणसांची नावे कधीही लावू नका.

सुई टोचलीच तर

लस घेतलेल्यांनीही हे पाठ करावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. डोळ्यात रक्त उडाले तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. मग लगेच इन्चार्जना सांगा आणि रजिस्टरमध्ये नोंद करा. रागावतील म्हणून लपवू नका. इन्चार्जनीही त्या क्षणी चूक कोणाची हे विचारू नये.

रुग्ण कोण हे माहीत असेल तर त्याची हिपॅटायटिस-बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी त्याच्या संमतीने करावी. कर्मचाऱ्याची लस पूर्ण असेल आणि टायटर १० किंवा त्याहून अधिक असल्याची नोंद असेल, तर बीसाठी आणखी काही लागत नाही. लस झालेली नसेल आणि रुग्ण बाधित असेल, तर हिपॅटायटिस-बी इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांत द्यावे लागते आणि त्याच वेळी लसही सुरू करावी लागते. हे इंजेक्शन बरेच महाग असते आणि लहान गावात रात्री मिळेलच असे नाही. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. त्या आपल्या जवळ कुठल्या सरकारी रुग्णालयात मिळतात, तो पत्ता आणि फोन प्रत्येक ड्युटी रूममध्ये आजच चिकटवून ठेवा. हिपॅटायटिस-सीवर लस नाही. म्हणून लस घेतली तरी सुईला पुन्हा टोपण न लावणे आणि ती थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकणे सुटता कामा नये.

कर्मचारी मित्र-मैत्रिणींनो

नव्या जागी रुजू होताना पगार आणि सुट्ट्या विचारता, तसे लसीचेही विचारा. आपले कार्ड आपल्याजवळ ठेवा. रुग्णालय बदलले की कागद तिथेच राहतात आणि पुढच्या ठिकाणी सगळे पहिल्यापासून सुरू होते. मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो काढून ठेवा. शंका असेल तर विचारा, उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारा. शंका विचारणे म्हणजे विरोध नव्हे. पण शंका मनात ठेवून डोस टाळला, तर त्याची किंमत व्यवस्थापनाला मोजावी लागत नाही. ती तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना मोजावी लागते, कारण हा विषाणू जोडीदाराला आणि जन्मणाऱ्या बाळालाही लागू शकतो.

आणि डॉक्टर, मेट्रन, विश्वस्त यांना एक विनंती. पुढची नोटीस लिहिण्याआधी 'कारवाई होईल' ही ओळ खोडा. त्या जागी लिहा : 'ही लस तुम्हाला देणे आमच्यावर बंधनकारक आहे. ती मोफत आहे. तुमचा रिपोर्ट तुमच्याशिवाय कोणी पाहणार नाही.' आणि ती नोटीस स्टाफ रूमच्या फलकावर लावून थांबू नका. पहाटे पिशव्या उचलणाऱ्या मावशींना ती स्वतः वाचून दाखवा.